लेबलांची चिकाटी

ज्याने चहाहून अधिक मादक पेय कधी ओठांना लावले नाही, आणि ज्याच्या या अरसिकतेबद्दल वाचकांनी वेळोवेळी पत्रांतून पुरेशी कीव व्यक्त केली आहे, त्या प्रस्तुत लेखकावर मिशिगनमधील एका स्वयंपाकघरात उभे राहून बिअरच्या रिकाम्या बाटल्यांवरील लेबले नखांनी खरवडण्याचा प्रसंग यावा, यास विधिलिखित म्हणावे की बहिणीच्या लेकावरील माया, याचा निवाडा ज्याचा त्याने करावा. भाच्याला घरी बिअर बनविण्याचा छंद लागला आहे. छंदाविषयी माझी तक्रार नाही. मागे याच सदरात कबुतरे पाळणाऱ्या शेजाऱ्यांविषयी लिहिताना मी जी सहिष्णुता दाखविली होती (ती दाखविली नव्हती असे शेजाऱ्यांचे मत आहे), तीच येथेही दाखविण्यास मी तयार आहे. माझी तक्रार आहे ती लेबलांविषयी.

तेथील कायद्याची या उद्योगास हरकत नाही. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 1978 साली सही केलेल्या कायद्याने एकट्या प्रौढ माणसाला वर्षाकाठी 100 गॅलन, आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या कुटुंबाला 200 गॅलन बिअर घरच्या वापरासाठी करमाफ बनविण्याची मुभा दिली. विकता मात्र येत नाही. आता बिअर केली म्हणजे बाटल्या आल्या, आणि बाटली कोणतीही चालत नाही. ती तपकिरी हवी, कारण उजेड लागला की हॉप्समधील कडू द्रव्याचे विघटन होऊन पेयाला उग्र दर्प येतो. काच जाड हवी, कारण भरतेवेळी घातलेली चिमूटभर साखर खाऊन यीस्ट आतल्या आत वायू निर्माण करते. आणि तोंडाला आटे नकोत, कारण घरगुती यंत्राने ठोकलेले पत्र्याचे बूच आट्यांवर भरवशाने बसत नाही. अशा बाटल्या कोऱ्या विकत मिळतात. मित्रांनी रिकाम्या केलेल्या फुकट मिळतात, आणि सुट्टीला आलेले मामा त्याहूनही फुकट.

“मामा, तू नुसता बसलाच आहेस तर तेवढी लेबलं काढशील का?” असे भाचा म्हणाला, आणि धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्याच्या बादलीपुढे मला बसवून कचेरीला निघून गेला. जर्मनीहून आलेल्या बाटल्यांनी मला मुळीच त्रास दिला नाही. तासाभराने पाहावे तो त्यांची लेबले आपण होऊन सुटून पाण्यावर तरंगत होती, मुदत भरताच घर रिकामे करणाऱ्या सज्जन भाडेकरूंसारखी. परंतु अमेरिकन बाटल्यांपैकी काहींवर लेबल म्हणून जो पदार्थ होता तो कागद नव्हताच. तो प्लास्टिकचा पातळ पापुद्रा होता, जो पाण्यात भिजत नाही, सोड्याला दाद देत नाही, आणि सुरीने उचकटला असता स्वतः हाती येऊन आपल्याखालचा चिकटा मात्र काचेवर शाबूत ठेवून जातो. त्या चिकट्यावर तेल आणि खाण्याचा सोडा यांचा लेप द्यावा, मग घासावे, मग तेल घालविण्यासाठी साबण लावावा, आणि साबणाचा अंश राहिल्यास बिअरचा फेस टिकत नाही म्हणून तो घालविण्यासाठी पुनः कढत पाणी ओतावे, असा हा एकातून दुसरे निघणारा खटला असून, ज्या पेयासाठी तो चालवायचा त्याचा एक घोटही ज्याच्या नशिबी नाही अशा मनुष्याने तो का चालवावा, हा प्रश्न मी भाचेसुनेला विचारला. ती म्हणाली, “मामा, तुम्हीच तर म्हणत होतात, इथे करमत नाही.”

संध्याकाळी भाच्याने जो खुलासा केला तो मला बिअरपेक्षा अधिक चढला. जर्मनीत बहुतेक बिअर परत भरावयाच्या बाटलीत येते. साध्या बाटलीमागे 8 सेंट अनामत गिऱ्हाईक दुकानात ठेवते, रिकामी बाटली देऊन ती परत नेते, आणि बाटली कारखान्यात जाऊन कॉस्टिक सोड्याच्या कढत द्रावणात धुतली जाऊन पुनः भरली जाते. अशा बाटलीला लेबल लावणाऱ्यास ते पुढे आपल्यालाच काढायचे आहे याचे भान असते. सबब त्या धंद्यात दुधातील केसीनपासून केलेला डिंक चालत आला आहे, जो बर्फाच्या पाण्यात ढिम्म हलत नाही आणि कढत क्षारात विरघळून जातो. मद्याचे नाव दुधाने चिकटवावे, या योजनेतील सोवळेपण मला फार आवडले. ज्याला मात्र आपली बाटली पुनः तोंड दाखवायला नको आहे, तो लेबल कशानेही चिकटवितो, आणि काढणाऱ्याच्या नखांची काळजी त्याला असण्याचे कारण नसते. लेबल किती चिवट यावरून मालकाचा हेतू बिनचूक ओळखता येतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

अनामत मिशिगनमध्येही आहे, आणि तीही चांगली 10 सेंट. 1976 साली लोकांनी प्रत्यक्ष मतदानाने हा कायदा करून घेतला. पण तेथील बाटली परत जाते ती बहुधा फुटून वितळण्यासाठी. शिवाय दुकानातील यंत्र बाटलीची ओळख तिच्या लेबलावरील उभ्या रेघांवरून पटविते, त्यामुळे मी घासून निर्मळ केलेली प्रत्येक बाटली सरकारदरबारी बेवारस ठरली आणि तिची अनामत बुडाली. निवृत्तिवेतनासाठी दरसाल हयातीचा दाखला देणाऱ्या माझ्या पिढीला यात नवल वाटू नये.

हे सर्व चालले असता मला राजापूरकडची मावशी आठवली, आणि आता वाचकांनी थोडा धीर धरावा, कारण मावशी आठवली की मी विषयावर राहत नाही, हे त्यांना ठाऊकच आहे. मुंबईच्या 1949 च्या दारूबंदी कायद्याचा तो भराचा काळ होता. (तो कायदा आजही हयात आहे, महाराष्ट्रात प्यायलासुद्धा परवाना लागतो, तेव्हा भाच्याने हा छंद तेथेच ठेवून यावे अशी त्याच्या आईची सूचना आहे.) दारू हद्दपार झाली तरी रिकाम्या बाटल्या कोकणात घरोघर होत्याच, आणि कोकमाचे आगळ भरण्यास त्यांच्यासारखे पात्र नव्हते. मावशी त्या चुलीतल्या राखेच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवी आणि सकाळी काथ्याने घाशी. राखेचे पाणी क्षारयुक्त असते, आणि क्षारापुढे जुना डिंक टिकत नाही, हे रसायन तिला कोणी शिकविले नव्हते.

माझे आजोबा पैसा फंडाच्या पिढीतले. माणशी एक पैसा गोळा करून तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला, हे ज्यांनी पाहिले होते, त्यांच्या घरात काचेची वस्तू टाकून देणे हे पाप होते. आणि मद्याचा स्पर्श झालेली वस्तू ठेवणे हेही पापच होते. या दोन पापांच्या मधून मावशीने राखेची वाट काढली होती. लेबल निघाले की बाटली शुद्ध, असा तिचा निर्णय, आणि आजोबांनी त्याला मूक संमती दिली होती. एकदा तालुक्याहून दारूबंदीचे एक प्रचारक जेवायला आले. सोलकढी वाढली गेली, त्यांनी ती वाखाणली, आणि आगळ घरचेच का म्हणून विचारले. कौतुकाने भरलेल्या मावशीने बाटलीच आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्या बाटलीच्या बुडाशी कुठल्याशा पशूचे मागचे दोन पाय आणि शेपूट शाबूत होते, आणि त्याखाली इंग्रजीत ज्या मजकुराचा शेवट उरला होता तो सरबताचा नव्हता. पाहुण्यांनी चष्मा लावला. आजोबा इतका वेळ छताकडे पाहत राहिले की छत गळते आहे असे वाटून मीही वर पाहिले. मावशीने मात्र विचलित न होता बाटली उचलली, पदराने पुसली आणि म्हणाली, “सरकारनं आतलं नेलं, भायरचं आमच्यावर सोडलं, तां आम्ही काढतोंव हळूहळू.” पाहुणे हसले, आणि त्यांनी आणखी एक वाटी सोलकढी घेतली.

मावशीच्या राखेने आजचे लेबल हलणार नाही. आमच्याकडे लोणची, सरबते, मसाले यांच्या चांगल्या रुंद तोंडाच्या बरण्या येतात, ज्यांत पुढे वर्षभर मेतकूट राहावे. पण त्यांवर आता तेच प्लास्टिक आले आहे, आणि ज्या बरणीवर दुसऱ्याचे नाव अर्धवट फाटून राहिले तिच्यात काही भरावेसे गृहिणीला वाटत नाही. ती भंगारात जाते. पूर्वी मोरचूद घातलेली मैद्याची खळ लावून चिकटविलेला कागद कोमट पाण्याने निघत असे, आणि त्यामुळे कोणाचा धंदा बुडाल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा लोणची-सरबतवाल्यांना माझी विनंती अशी की, लेबल कढत पाण्याने सुटेल असे लावावे. भांड्यांच्या दुकानदारांनी हाच नियम नव्या स्टीलच्या ताटाच्या बरोबर मधोमध डकविलेल्या किमतीच्या चिठ्ठीलाही लागू केला, तर आमच्या घरातून त्यांना स्वतंत्र आभारपत्र पाठविण्यात येईल.