गाव सोडताना आम्हालाही सांगा

आमच्या शाळेत नुसती डॉर्मिटरी बदलायची असली, तरी आधी 'हँडिंग-टेकिंग ओव्हर' होतं. खाट, गादी, कपाट, कपाटाची किल्ली, एकेक वस्तू मोजून द्यायची, समोरच्याने मोजून घ्यायची आणि दोघांनी रजिस्टरवर सही करायची. त्याशिवाय कोणी ट्रंक उचलत नाही. माझं मिरजेतलं घर मात्र माझ्या सहीशिवाय रिकामं झालं.

बाबा हवाई दलात आहेत. त्यांच्या बदल्या होत राहिल्या, पण आई, आजी आणि मी मिरजेतच राहिलो. मी इथे शिकायला आल्यावरही सुट्टीत निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस पकडायची आणि मिरजेला उतरायचं, हे ठरलेलं होतं. गेल्या वर्षी बाबांना जोरहाटला क्वार्टर मिळालं. आईने भाड्याचं घर सोडलं, आजी इचलकरंजीला काकांकडे गेली. मला हे रविवारच्या फोनवर कळलं, तेव्हा सामानाचा ट्रक निघून चार दिवस झाले होते. "तुझी परीक्षा चालू होती ना रे, म्हणून नाही सांगितलं," आई म्हणाली.

आईचा हेतू चांगला होता, हे मला कळतं. माझ्या हाउसमधल्या आणखी दोघांच्या घरी असंच झालं आहे. तरीही मला वाटतं, पालकांनी असं करू नये. त्या परीक्षेत मला गणितात चांगले मार्क मिळाले. पण तेव्हापासून दर रविवारी फोन उचलताना मनात येतं, आज आणखी काही सांगायचं टाळताहेत का? मार्क पुढच्या टर्मला भरून काढता येतात. ही शंका अजून गेलेली नाही.

कोणी म्हणेल, सैनिकाच्या मुलाला एवढा जीव लावून कसं चालेल? पण फौजेतही कोणी गुपचूप निघून जात नाही. बदली झालेल्या अधिकाऱ्याला मेसमध्ये निरोपाचं जेवण देतात, तो आपला चार्ज रीतसर सोपवतो, मगच निघतो. तिथे बदली नेहमीची, म्हणूनच निरोपाची रीत इतकी पक्की आहे. आम्हाला कणखर व्हायचं असेल, तर ही रीतही शिकायला हवी.

मला मिरजेत फार काही करायचं नव्हतं. सतारमेकर गल्लीत एका कारखान्याच्या पायरीवर मी लहानपणापासून बसायचो. पंढरपूरकडून आलेले मोठाले भोपळे कापून, घासून त्यांची सतार होताना बघायचो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या चाचांचं अभिनंदन करायचं मी सुट्टीवर ठेवलं होतं. मित्राबरोबर एकदा कृष्णाघाटापर्यंत सायकलने जायचं होतं. ती सायकल आता आतेभावाकडे आहे. आणि शेजारच्या काकूंना भेटायचं होतं. मागच्या वेळी निघताना मी त्यांना नेहमीसारखं "येतो" म्हणालो होतो.

पालकांना माझी विनंती आहे. घर सोडायचं ठरलं की त्याच रविवारी आम्हाला सांगा. आम्ही रडलो तर रडू, पण दुसऱ्या दिवशी पी.टी.ला वेळेवर हजर असू. जमलं तर एक सुट्टी जुन्या घरात काढू द्या. तेही शक्य नसेल, तर निदान आमचं कपाट आम्हाला विचारून आवरा आणि व्हिडिओ कॉलवर एकदा सगळं घर दाखवा. शिक्षकांनाही विनंती आहे, की अशा कामासाठी कोणी दोन दिवसांची रजा मागितली, तर ते कारण क्षुल्लक समजू नका.

हिवाळ्याच्या सुट्टीत मी दिल्लीहून दक्षिणेऐवजी पूर्वेकडची गाडी धरली आणि मिरजेऐवजी मरियानीला उतरलो. जोरहाट छान आहे. चहाचे मळे पहिल्यांदाच पाहिले. माझ्या सामानाच्या खोक्यावर आईने मोठ्या अक्षरांत माझं नाव लिहिलं होतं आणि ते तिने उघडलंही नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ते रिकामं केलं.

उन्हाळ्यात दोन दिवस मिरजेला जाऊ का, असं मी बाबांना विचारलं आहे. तिकीट निघालं, तर आधी काकूंकडे जाईन. आम्ही आता तिथे राहत नाही, हे त्यांना माझ्याकडून सांगायचं राहिलं आहे.