सब्र फक्त सुनेनंच करायचा का?

लग्नाला वर्ष झालं की 'खुशखबर कब?' हा सवाल शादीच्या हॉलपासून ईदच्या शीरखुर्म्यापर्यंत पाठ सोडत नाही. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली. मूल नाही. मला एंडोमेट्रिओसिस आहे. आजाराचं नाव मुद्दाम लिहिते, कारण आपल्या घरांत त्याला नावच नाही. 'पाळीत सगळ्यांनाच दुखतं' म्हटलं की विषय संपला.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर, नळ्यांवर वाढतो. सूज येते, कधी आतले अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के, म्हणजे जगभरात जवळपास 19 कोटी स्त्रियांना तो आहे, आणि निदानाला अनेकदा 4 ते 12 वर्षं लागतात. मी इंजिनीअरिंगची चारही वर्षं दर महिन्याला हॉस्टेलवर गरम पाण्याची पिशवी घेऊन पडायचे. निदान झालं एकतिसाव्या वर्षी, लॅप्रोस्कोपीत. हा आजार असूनही अनेकींना मूल होतं, हेही सांगायला हवं. मला अजून झालेलं नाही.

कठीण काय, तर दुखणं कमी करणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर बहुतेक वेळा गर्भधारणाही थांबते. म्हणजे आराम हवा की उम्मीद, हे आपणच ठरवायचं. उम्मीद निवडली की दर महिन्याला दोन गोष्टी एकाच दिवशी येतात: पोटातली कळ, आणि 'याही महिन्यात नाही' ही बातमी. त्याच दिवशी सकाळी दहाच्या कॉलवर टीमला कामाचं स्टेटसही द्यायचं असतं. कॅमेरा बंद ठेवायची सोय आहे, एवढं बरं.

अशा दिवशी कुणी 'सब्र कर बेटी' म्हणालं की माझं डोकं फिरतं. राग सब्राचा नाही. ते दोन शब्द तोंड बंद करायला वापरतात, त्याचा आहे. हजरत याकूब (अ.) मुलाच्या विरहात इतके रडले की डोळे पांढरे पडले. हे कुरआनातच आहे, आणि तरी सब्राची मिसाल म्हणून आपण त्यांचंच नाव घेतो. हजरत जकरिया (अ.) यांनी म्हातारपणीही औलादीची तळमळ अल्लाहपुढे मांडली. मग मी रडले की नाशुक्री कशी? हजरत आयशा (र.) यांना मूल नव्हतं. बहिणीच्या मुलाच्या नावावरून त्यांना उम्मे अब्दुल्लाह म्हणत. आज त्यांची याद निघते ती त्यांच्या इल्मसाठी.

आणि सब्राचा हा सल्ला नवऱ्याला कुणी देत नाही. मूल होत नसलेल्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडतं. त्याची पहिली तपासणी सोपी आणि स्वस्त. आमच्याकडे ती सगळ्यात शेवटी झाली. माझ्या सोनोग्राफ्या, ताबीज आणि तीन हकीम झाल्यानंतर.

मला सावरायला दोन गोष्टी कामी आल्या. एक, समुपदेशक. तिच्यासमोर रडताना कुणाची समजूत घालावी लागत नाही. दुसरी, आम्ही दोघांनी ठरवलं की नातेवाइकांना उत्तर नवरा देईल. मागच्या अकीक्याला फुफींनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "इलाज चालू है फुफी, दुआ करो." त्यांनी पुढे काही विचारलं नाही, जाताना बिर्याणीचा डबा भरून दिला. अर्ध्या तासात आम्ही निघालो, आणि तेवढंच मला झेपतं.

माझी मामेबहीण बावीस वर्षांची आहे. तिचं दर महिन्याला दोन दिवस कॉलेज बुडतं. लग्नाआधी मुलीला गायनॅककडे नेलं तर लोक काय म्हणतील, ही मामींची काळजी. या शनिवारची अपॉइंटमेंट मी घेतली आहे. मामीही येणार आहेत.