मयताच्या घरातलं हसू

गणपती तोंडावर आलेत, घराघरांत तयारी सुरू झाली आहे, आणि नेमके त्याच वेळी गजानन कामेरकर कोमात जातात. मुंबईतल्या रुग्णालयात त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं जातं. बातमी पसरते तसे काका, काकू, आत्या, मामा, चुलतभाऊ, मावसबहिणी आणि कुणाचे कोण ते नीटसं न सांगता येणारे पाहुणे हॉस्पिटलात जमू लागतात. सगळ्यांचे चेहरे काळजीचे आहेत. पण त्या काळजीत आणखी एक काळजी मिसळलेली आहे. गजाननकाकांचं काही बरंवाईट झालं तर सुतक लागेल, मग यंदाच्या गणपतीचं काय?

राजेश मापुसकर यांच्या ‘व्हेंटिलेटर’ या 2016 च्या चित्रपटाची ही मांडणी ऐकताच मराठी माणसाला हसू येतं, कारण ती त्याच्या ओळखीची असते. सुतकाचा हिशेब मनातल्या मनात केलेला नाही असं घर सापडणं अवघड. बापाशी बिनसलेला मुलगा प्रसन्न, चित्रपट दिग्दर्शक असलेला राजा, गावाकडची माणसं आणि शहरातली माणसं या सगळ्यांना मापुसकरांनी एका इमारतीत कोंडलं आणि त्यांच्यातल्या जुन्या रुसव्याफुगव्यांना वाट करून दिली. या चित्रपटाला उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे गुजरातीतही तो नव्याने बनला. शेवटी प्रेक्षक रडतात, आणि मघाशी मोकळेपणी हसल्यामुळेच त्यांना रडता येतं.

विस्कटलेल्या घरांवरचा उत्तम विनोद बहुतेक वेळा मरणाच्या आसपास का सापडतो, हे समजून घेण्यासारखं आहे. एरवी भांडणारी माणसं एकमेकांना टाळू शकतात. एक भाऊ नाशिकला, दुसरा न्यू जर्सीत, बहीण सांगलीत. फोनवर गोड बोलून वर्षं निघून जातात. मरण ही सोय काढून घेतं. दहा-तेरा दिवस सगळ्यांना एका छपराखाली राहावं लागतं. अग्नी कुणी द्यायचा, गुरुजींची दक्षिणा कुणी द्यायची, कोण कुठल्या खोलीत झोपणार, शेजाऱ्यांनी आणलेलं पिठलं-भात किती जणांना पुरेल, तेराव्याला किती पानं, असे निर्णय घ्यावे लागतात. त्यातून प्रत्येकाचं दुःख लोकांच्या नजरेखाली असतं. कोण किती रडलं, कोण उशिरा आलं, कोण फोनवर बोलत राहिलं, याची नोंद ठेवणारी एखादी आत्या असतेच. जसं वागायला हवं आणि जसं वागलं जातं, त्या दोहोंमधल्या फटीतून हसू बाहेर येतं.

या फटीचा मराठीतला सगळ्यात धीट शोध सतीश आळेकर यांनी 1974 मध्ये ‘महानिर्वाण’ लिहून घेतला. थिएटर अकॅडमीच्या या नाटकात चाळीत राहणारे भाऊराव सकाळी मरतात आणि थोड्याच वेळात उठून कीर्तन करू लागतात. कीर्तनकाराने इतरांच्या मरणावरून श्रोत्यांना शहाणं करायचं, ही रीत. इथे प्रेतच स्वतःच्या मरणाचं आख्यान लावून बसतं. भाऊरावांची एकच अट आहे. त्यांना जुन्याच स्मशानात जळायचं आहे, आणि ते स्मशान बंद झालं आहे. मुलगा नाना अडकला. बाप मेला तरी बापाची आज्ञा काही संपत नाही, देह मात्र घरात पडून राहतो. दरम्यान रमा, म्हणजे भाऊरावांची बायको, खांदेकऱ्यांमधल्या डावीकडून तिसऱ्या माणसात गुंतत जाते.

नुसतं कथानक सांगितलं तर हे अभद्र वाटेल. पण चंद्रकांत काळे यांचे भाऊराव ज्यांनी पाहिले किंवा ज्यांनी संहिता वाचली, त्यांना त्यातलं कारुण्य नेमकं दिसतं. नाना हा त्या पिढीतल्या असंख्य मुलांपैकी एक आहे. बापावर प्रेम आहे आणि बापापासून सुटकाही हवी आहे. या दोन्ही गोष्टी एकाच दमात बोलण्याची परवानगी आपल्या घरांत नसते. ‘वडिलांनी मला फार जाचलं आणि मला त्यांची फार आठवण येते’ हे वाक्य दहाव्याच्या घाटावर कुणी उच्चारत नाही. आळेकरांनी ते हसत हसत उच्चारू दिलं. पन्नास वर्षांत मराठी रंगभूमीने कुटुंबाबद्दल याहून मोकळं फारसं काही लिहिलेलं नाही.

घाटावरचा विषय निघालाच आहे तर पिंडाबद्दल बोलायला हवं. पिंड ठेवला आहे, सगळे लांब उभे राहून झाडाकडे पाहताहेत आणि कावळा येत नाही. मग एकेक जण पुढे होतो. कुणी म्हणतो, आईला मी सांभाळीन. कुणी म्हणतो, धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ. कुणी घसा खाकरून जमिनीचा वाद मिटवण्याचं कबूल करतो. वर्षानुवर्षं बंद खोलीत राहिलेली गोष्ट अशी भर उन्हात, गुरुजी आणि शेजारीपाजारी यांच्यादेखत, एका पक्ष्यासमोर कबूल होते. कुटुंबाच्या अबोल्याबद्दल इतकं नाट्यपूर्ण दृश्य जगातल्या फार थोड्या संस्कृतींनी घडवलं असेल. महेश मांजरेकर यांनी ‘काकस्पर्श’ (2012) उभा केला तो याच क्षणावर, पूर्ण गंभीरपणे. तोच क्षण विनोदी लेखकाच्या हाती पडला तर काय होईल, याची मराठी पडदा अजून वाट पाहतो आहे.

शेजारच्या कर्नाटकात मात्र मरणाच्या विधींवर असा एक विनोदी प्रयोग झाला. राम रेड्डी यांच्या ‘तिथी’ या कन्नड चित्रपटात मंड्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात ‘सेंच्युरी गौडा’ वयाच्या एकशे एकाव्या वर्षी जातात. त्यांच्या मुलाला, गडप्पाला, कशाचंच काही पडलेलं नाही; तो आपला फिरत राहतो. नातवाला जमीन विकायची आहे, म्हणून तो जिवंत बापाला कागदोपत्री मृत ठरवायला निघतो. पणतू एका धनगर मुलीच्या मागे आहे. अकराव्याच्या जेवणाची तयारी या सगळ्यातून वाट काढत पुढे सरकते. गावातल्याच लोकांनी यात कामं केली, आणि 2015 मध्ये लोकार्नोच्या महोत्सवात चित्रपट गाजला. अमेरिकेतल्या ‘लिटल मिस सनशाइन’ने (2006) हेच दुसऱ्या टोकाने केलं. मुलीच्या सौंदर्यस्पर्धेसाठी निघालेल्या कुटुंबातले आजोबा वाटेत मरतात, कागदपत्रांत वेळ जाणार म्हणून घरचे प्रेत हॉस्पिटलच्या खिडकीतून पळवून पिवळ्या व्हॅनमध्ये घालतात आणि पुढे निघतात. एरवी एकमेकांशी भांडणारी ही माणसं त्या खिडकीपाशी एकत्र काम करतात. त्या पटकथेला ऑस्कर मिळालं, ते रास्तच होतं.

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ला कुणी विनोदी नाटक म्हणणार नाही. तरीही 1985 पासून या नाटकाला जी दाद मिळत आली आहे, तिच्यात हशाही आहे. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी गेले आहेत. मुंबईचा सुधीर अंजलीला घेऊन उशिरा पोचतो. थोरला भास्कर गावजेवणाशिवाय तेरावं होऊ द्यायला तयार नाही, आणि पैसा कुठून आणायचा हे कुणालाच ठाऊक नाही. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर आहे, आत थकलेली दादी पुन्हा पुन्हा किती वाजले ते विचारते आहे. मुंबईकर जाऊ आणि गावाकडची वहिनी एकमेकींशी जपून बोलतात, तेव्हा प्रत्येक वाक्याखाली दुसरं वाक्य ऐकू येतं आणि प्रेक्षक हसतो. मग भास्करची मुलगी रंजू घरातले दागिने घेऊन मास्तराबरोबर पळून जाते आणि ते हसू घशात राहतं. एलकुंचवारांचं मोठेपण असं, की भांडणारे दोन्ही भाऊ आपापल्या जागी बरोबर आहेत. भास्करने वाडा सांभाळला हे खरं, सुधीरला मुंबईत चैन नाही हेही खरं.

घरच्या भांडणावर हसता येण्याची अट हीच आहे. प्रत्येकाची बाजू थोडी खरी असावी लागते. ती नसली तर काय होतं, हे विजय तेंडुलकर यांच्या ‘गिधाडे’त दिसतं. तिथली भावंडं पैशासाठी म्हाताऱ्या बापाला मारहाण करतात, बाप लेकरांना शिव्या घालतो, आणि कुणालाच कुणाकडून पैशाखेरीज काही नको आहे. तेंडुलकरांनी तिथे विनोदाची पळवाट ठेवली नाही, ते योग्यच केलं. डॉ. श्रीराम लागू यांनी हे नाटक रंगमंचावर आणलं तेव्हा साडीवरच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली. मग डाग निळा करण्यात आला आणि हा डाग लाल समजावा, असं प्रेक्षकांना सांगण्यात आलं. काही घरं अशीही असतात, त्यांच्यावर हसा असं त्या घरात वाढलेल्याला सांगणं क्रूरपणाचं आहे.

म्हणून या विनोदावरचा एक आक्षेप मनापासून ऐकून घ्यायला हवा. घरातल्या छळाची गोष्ट हसून साजरी केली की छळ करणारा सुटतो, असं अनेकांना वाटतं, आणि मराठी विनोदाच्या इतिहासात या तक्रारीला आधार आहे. लोकप्रिय नाटकसिनेमांत वेडसर भाऊ, तोतरा नोकर, लग्न न झालेली आत्या यांना पाहून किती तरी पिढ्या हसल्या. त्या पात्रांना स्वतःचा एकही विनोद दिलेला नव्हता. हसू त्यांच्यावर होतं, त्यांचं नव्हतं.

जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ ही 2012 ची कादंबरी इथे रस्ता दाखवते. माहीमचा एक बेडरूमचा फ्लॅट, मूळचं गोव्याचं ख्रिस्ती कुटुंब. आई इमेल्डा, म्हणजे एम, हिला मनोविकार आहे. उन्मादाचे दिवस येतात, मग काळोखाचे दिवस येतात, आत्महत्येचे प्रयत्न होतात. वडील ऑगस्टीन, म्हणजे बिग हूम, कमी बोलणारे, घर पेलून धरणारे. मुलगी सुझन आणि गोष्ट सांगणारा मुलगा हॉस्पिटलच्या फेऱ्या मारत मोठे होतात. इतकं वाचून पुस्तक उचलायला हात धजावणार नाही. पण उचललं की कळतं, ते कमालीचं हसवणारं आहे, आणि हसवते ती एम स्वतः. बिड्या ओढत, चहा पीत ती मुलांसमोर नको त्या विषयावर बोलते, स्वतःच्या आजाराची टर उडवते, पाहुण्यांना अवघडवते. घरातली सगळ्यात आजारी व्यक्ती घरातली सगळ्यात विनोदी व्यक्ती आहे. तिच्या आजाराला पिंटो कुठेही गोंडस करत नाहीत. एमवर हसावं की घाबरावं हे मुलाला कळत नाही, तसंच वाचकालाही कळत नाही. मुलाचं तिच्यावरचं प्रेम त्या न कळण्यातूनच उभं राहतं.

या कादंबरीला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शांता गोखले यांनी ती ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठीत आणली. मनोविकार हा शब्द घरात दबक्या आवाजात उच्चारणाऱ्या समाजात हे पुस्तक जितकं वाचलं जायला हवं होतं तितकं वाचलं गेलं नाही, याची खंत वाटते. आजारी आईच्या मुलाला समुपदेशकाकडे जाण्याआधी कुणीतरी सांगायला हवं असतं की, आईच्या बोलण्यावर हसू आलं म्हणून तू वाईट मुलगा ठरत नाहीस.

दूरचित्रवाणीवर मात्र मराठी कुटुंब रोज संध्याकाळी भांडतं आणि कधीच हसत नाही. मालिकांमधल्या भांडणात एक बाजू संपूर्ण काळी असते, दुसरी संपूर्ण सोशीक. कारस्थान करणाऱ्या जावेला कधी ठसका लागत नाही, अन्याय सोसणारी सून कधी चुकीच्या वेळी खुदकन हसत नाही. वाहिन्यांचं म्हणणं असतं की प्रेक्षकाला हेच हवं आहे. पण प्रेक्षकाने चि. वि. जोशींचे चिमणराव दूरदर्शनवर डोक्यावर घेतले, ‘व्हेंटिलेटर’ चित्रपटगृहात जाऊन पाहिला. घरातल्या माणसांच्या खोडी, हट्ट, कंजुषी आणि माया एकाच ताटात वाढली तर ती त्याला आवडते.

आणि सामग्री तर समोर पडली आहे. मुलगा परदेशात आणि बापाचा अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर, हे करोनाच्या साथीत हजारो घरांनी अनुभवलं. फोन कुणी धरायचा, कॅमेरा कुठे वळवायचा, नेट गेलं तर मंत्र थांबवायचे का, असे प्रश्न त्या दिवशी खरोखर पडले. त्या घरांत अपराधीपणा होता, राग होता, वृद्ध आईला आता कुणाकडे ठेवायचं हा न विचारलेला प्रश्न होता. यावर लिहिणाऱ्याने विनोदाला भिऊ नये आणि दुःखालाही टाळू नये.

‘महानिर्वाण’, ‘वाडा चिरेबंदी’ आणि ‘एम आणि हूमराव’ ही तिन्ही पुस्तकं मराठीत आहेत. पुढची कौटुंबिक मालिका किंवा चित्रपट लिहायला घेणाऱ्यांनी आधी ती वाचावीत, आणि खलनायिकेचं पात्र खोडून त्या जागी आपल्या ओळखीची खरी काकू लिहावी, तिच्या वाट्याला येणाऱ्या सगळ्या चुका, सगळे विनोद आणि सगळं खरं बोलणं देऊन.