पाडव्याआधी एसी बघा



कोकणात मृग लागायच्या आधी घर शाकारून घेतात. पाऊस सुरू झाल्यावर कौलांवर चढणाऱ्याला गाव वेड्यात काढतं. इथे आपला पावसाळा म्हणजे मे ते सप्टेंबरचा उन्हाळा, आणि आपलं छप्पर म्हणजे एसी. तरीही माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत एसीकडे पहिल्यांदा लक्ष जातं ते जून-जुलैत, तो बंद पडला की. माझं म्हणणं एवढंच आहे: एसीची वार्षिक सर्व्हिस गुढीपाडव्याच्या आधी उरकावी, आणि सुट्टीला भारतात जाताना तो साफ बंद करून जाऊ नये. कारणं तीन. खिसा, घर आणि गच्चीवर चढणारा माणूस.

आधी खिसा. दुबईत बिल 'देवा'चं आणि शारजात 'सेवा'चं, त्यामुळे आपण ते भक्तिभावाने भरतो हा जुनाच विनोद आहे. पण उन्हाळ्यातल्या त्या बिलाचा मोठा वाटा एसी खातो. आपल्याकडे हवेत बारीक वाळू असते. फिल्टर तिने भरला की कॉइलवरून हवा पुरेशी जात नाही, खोली गार होत नाही, आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. मग आपण थर्मोस्टॅट १८ वर नेतो. त्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त मशीन जास्त वेळ चालतं. दुबईचं वीज-पाणी खातं २४ अंश सुचवतं आणि प्रत्येक अंश वर नेला की एसीच्या विजेत ५ टक्क्यांपर्यंत बचत होते असं सांगतं. स्वच्छ फिल्टर असेल तर २४ पुरतात. फिल्टर आपला आपण नळाखाली धुवून, पूर्ण वाळवून परत बसवता येतो. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, दहा मिनिटांचं काम.

दुसरी गोष्ट गॅसची. "साहेब, गॅस कमी झालाय" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. दरवर्षी गॅस भरून घेणारा माणूस गळतीचे पैसे दरवर्षी भरतो. आणि तुमची इमारत जर डिस्ट्रिक्ट कूलिंगवर असेल, म्हणजे टबरीद किंवा एम्पॉवरसारख्या कंपनीचं थंड पाणी घरात येत असेल, तर तुमच्या फ्लॅटमध्ये कॉम्प्रेसरच नसतो. तिथे फक्त पंखा, कॉइल, व्हॉल्व्ह, फिल्टर आणि ड्रेन. अशा घरात कोणी गॅसचे पैसे मागितले तर चहा पाजून परत पाठवा.

आता घर. विलिस कॅरियरने १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा बसवली ती माणसांना गार वाटावं म्हणून नव्हे. एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत होता आणि रंग नीट बसत नव्हते, म्हणून. एसीचं निम्मं काम हवेतलं पाणी काढण्याचं आहे, हे आपण विसरतो. ऑगस्टमध्ये दुबई, शारजा, अबू धाबीची किनाऱ्याकडची हवा कशी असते ते संध्याकाळी चष्मा लावून बाहेर पडणाऱ्याला विचारा.

आपली मुलं इंडियन स्कूलमध्ये, त्यामुळे घरं रिकामी होतात ती नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये. "कोणी नाही तर कशाला बिल?" म्हणून मेन स्विच बंद होतो. बंद घरात दमट हवा बाथरूमच्या झरोक्यातून, दाराखालून येतच राहते. हवेतला ओलावा ६० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला दुसरं काही लागत नाही. आमच्याच इमारतीतलं एक कुटुंब दोन महिन्यांनी परतलं तेव्हा चामड्याच्या चपला हिरव्या, कपाटामागची भिंत काळी, आणि आजीच्या पैठणीवर ठिपके. गादी टाकून दिली, पैठणीचं काय करणार? दोन महिन्यांच्या बिलात जेवढं वाचलं त्यापेक्षा रंगवाल्यालाच जास्त गेलं.

म्हणून जाताना थर्मोस्टॅट २६-२७ वर ठेवा आणि पंखा 'ऑटो'वर. 'ऑन'वर ठेवलात तर कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीत फुंकत राहतो. निघण्याआधी ड्रेन लाइन साफ करून घ्या, नाहीतर तुंबलेल्या ट्रेचं पाणी फॉल्स सीलिंगमधून उतरेल आणि बघायला घरात कोणी नसेल. किल्ली एखाद्या मित्राकडे द्या, पंधरा दिवसांनी डोकावेल. डिस्ट्रिक्ट कूलिंगवाल्यांनी तर बिल नीट वाचावं. त्यात क्षमतेचा एक ठरावीक आकार असतो, तो एसी बंद ठेवला तरी भरावाच लागतो.

"पण घर भाड्याचं आहे, मालक बघेल." बरोबर आहे, काही अंशी. दुबईच्या २००७ च्या २६ क्रमांकाच्या कायद्यात, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर देखभाल-दुरुस्ती मालकाकडे आहे. पण बऱ्याच करारांत ठरावीक रकमेखालचं काम भाडेकरूवर ढकललेलं असतं. सही करताना आपण भाडं आणि चेक किती एवढंच बघतो. शिवाय मालक मशीन बदलून देईल, पैठणी देणार नाही. मार्चमध्येच ईमेल करून ठेवा. जुलैत वाद झाला तर तोच कागद कामाला येतो.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. १ ऑगस्ट २०२५ ला अल ऐनजवळच्या स्वैहानला ५१.८ अंश नोंदले गेले. अशा दिवसांत आपला एसी बंद पडतो आणि आपण फोनवर ओरडतो, "आत्ताच्या आत्ता माणूस पाठवा." आउटडोअर युनिट कुठे असतं? गच्चीवर, इतर वीस युनिट्सच्या गरम झोतात. इथे २००५ पासून उन्हाळ्यात दुपारच्या कामावर बंदी आहे. सध्या १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन थेट उन्हात काम करायला लावता येत नाही, आणि मोडल्यास माणशी ५,००० दिरहम दंड आहे. पण नियम कंपनीला बांधतो, आपल्या आवाजाला नाही. तो पोरगा तीन वाजून पाच मिनिटांनी चढतो, त्याच्या हातात अजून सात-आठ पत्ते असतात. त्या घाईत तो गळती शोधणार की गॅस भरून पुढे जाणार? हेच काम फेब्रुवारीत दिलंत तर तो अर्धा तास जास्त थांबेल, कॉइल नीट धुवेल, आणि तुम्ही त्याच्याशी दोन शब्द बोलाल.

घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील आणि एसी बंद पडला तर फोन करायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण त्यातले बरेच फोन टाळता येतात.

पाडव्याला आपण घर झाडून गुढी उभारतो. त्या साफसफाईत एसीचा फिल्टर, ड्रेन आणि कॉइल धरा. अमेरिकेतल्या आपल्या भावंडांना थंडीआधी फर्नेस तपासायची सवय लागली, तशी आपल्याला ही लागायला हरकत नाही.

चूभूद्याघ्या. वेगळे अनुभव असतील तर जरूर लिहा.

लोभ असावा,
एक दुबईकर