मनगटावरील आकडा आणि बलार्ध

पिंपळगाव बसवंत परिसरातील रुग्णांच्या मनगटावर व्यायाम मोजणारे घड्याळ आता सर्रास दिसू लागले आहे. व्यायामशाळेत स्थिर सायकल चालवून आलेला स्थूल वा मधुमेही रुग्ण ‘आज इतक्या कॅलरी जळाल्या’ असे सांगतो आणि त्या आधारे आहार ठरवून मागतो. अशा वेळी तो आकडा हसण्यावारी नेणे किंवा प्रमाण मानणे, या दोन्ही भूमिका वैद्यास शोभत नाहीत. यंत्र नेमके काय मोजते, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

या घड्याळात मुख्यतः दोन साधने असतात. एक हालचाल ओळखणारे. हाताच्या हेलकाव्यावरून ते पावले मोजते. दुसरे हिरव्या प्रकाशाच्या साहाय्याने त्वचेखालील रक्तप्रवाहाचे चढउतार टिपून हृदयगती सांगते. स्थिर सायकलीवर हात दांड्यावर टेकलेला असतो. त्यामुळे पाय अर्धा तास फिरले तरी पावलांचा आकडा फारसा हलत नाही. जागा बदलत नसल्याने उपग्रहाधारित अंतरमोजणीही निरुपयोगी ठरते. उरते ती हृदयगती. तीवरून आणि रुग्णाने भरलेल्या वय, वजन, उंची या माहितीवरून कॅलरींचा अंदाज बांधला जातो. सायकलीचा ताण किती ठेवला होता, हे मनगटाला ठाऊक नसते. वजने उचलताना मूठ आवळली जाते, मनगट वाकते आणि हृदयगतीचे मापनही चुकू शकते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशी सात उपकरणे ६० स्वयंसेवकांवर तपासली. सहा उपकरणांची हृदयगतीतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले, तर सर्वांत सदोष उपकरण ९३ टक्क्यांनी. अशा आकड्यावर भाकरी वाढविणे वा लंघन सांगणे कितपत योग्य, याचा विचार व्हावा.

आपल्या शास्त्राने व्यायामाची मात्रा व्यक्तीच्या बलावर ठरविली आहे. हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे धाप लागून तोंडाने श्वास घ्यावा लागला, की बलार्ध झाले, असे सुश्रुताचार्य सांगतात. कपाळ, काख व सांध्यांवर येणारा स्वेद आणि मुखशोष ही त्याची लक्षणे. वाग्भटाचार्यांनी अर्धशक्ती व्यायाम शीतकाळी व वसंतात सांगितला असून अन्य ऋतूंत तो मंद ठेवण्यास सांगितले आहे. घड्याळाचे उद्दिष्ट मात्र बारा महिने तेच. निफाडची थंडी आणि खरड छाटणीच्या दिवसांतले ऊन यांतील भेद ते करीत नाही. दिवसभर बागेत राबलेला तरुण उद्दिष्ट पुरे करण्यासाठी रात्री पुन्हा सायकलीवर बसला, तर तो अतिव्यायामच होय. त्यातून तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, कास, ज्वर उद्भवू शकतात, हा चरकाचार्यांचा इशारा आपण जाणतोच.

एक धोका विशेष लक्षात ठेवावा. रक्तदाब वा हृद्रोगासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषध घेणाऱ्याची हृदयगती श्रम करूनही पुरेशी वाढत नाही. घड्याळ श्रम कमी दाखविते आणि रुग्ण आणखी जोर लावतो. म्हणून चालू औषधांची चौकशी केल्याविना व्यायामाचा सल्ला देऊ नये. औषधी दुकानदार बंधूंनीही, ‘आकडा वाढत नाही’ म्हणून मेदोहर गुग्गुळाची मात्रा वाढवून मागणाऱ्या ग्राहकास आधी वैद्याकडे पाठवावे.

यंत्राशी आपले वैर नसावे. विश्रांतीतील हृदयगती, व्यायामाचे सातत्य, झोपण्या-उठण्याच्या वेळा यांची नोंद रुग्णाने आणल्यास ती अवश्य पाहावी. तिचा उपयोग आहे. परंतु थांबावे केव्हा, हे घड्याळाने नव्हे, तर श्वासाने आणि स्वेदाने ठरवावे, एवढे प्रत्येक रुग्णास समजावून सांगणे हे आपले कर्तव्य आहे.