क्लच न दाबता गिअर

मोटारसायकलचा गिअर क्लच न दाबता बदलता येतो, हे खरे आहे. गिअरबॉक्समधल्या चाकांच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात. गिअर टाकताना सरकतात ते चाकाच्या अंगचे जाड दाते, ज्यांना कारागीर ‘डॉग’ म्हणतात. इंजिन ओढत असताना हे डॉग एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात. रेस क्षणभर सोडली की तो दाब उतरतो आणि पायाच्या हलक्या दाबाने वरचा गिअर पडतो. त्यामुळे ‘असे केले की गिअरबॉक्स लगेच फुटतो’ ही भीती निराधार आहे. पण जमते म्हणून रोज करावे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

क्लच वापरला नाही तर प्लेटा वाचतात, हा या सवयीच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद. तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. गिअर बदलताना क्लच निमिषभरच दाबला जातो; तेवढ्याने प्लेटा फारशा झिजत नाहीत. त्या झिजतात अर्ध्या क्लचवर गाडी रेटल्याने. पाळी सुटल्यावर चाकणच्या तळेगाव चौकात किंवा मोशीकडे येताना पुणे-नाशिक महामार्गावर इंचाइंचाने सरकणारी गाडी प्लेटा जाळते, आणि तिथे क्लचला पर्यायच नाही. शिवाय प्लेटा बाजूचे झाकण उघडून बदलता येतात. डॉगच्या कडा गोल झाल्या, गिअर आपोआप सुटू लागला, की संपूर्ण इंजिन उतरवून केस वेगळे करावे लागतात. स्वस्त भाग वाचवण्यासाठी महाग भाग झिजवण्याचा हा व्यवहार आहे.

दुसरा आधार दिला जातो तो चाकणमध्येच तयार होणाऱ्या केटीएमचा. २०२० साली भारतात आलेल्या ३९० ॲडव्हेंचरमध्ये क्लच न दाबता गिअर चढवता-उतरवता येतो. मात्र तिथे क्विकशिफ्टर असतो: गिअरच्या दांड्यावरचा सेन्सर पायाचा दाब ओळखतो, संगणक इंजिनाची ओढ क्षणार्धापुरती तोडतो आणि गिअर उतरवताना रेस स्वतः वाढवतो. साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर हा मेळ मनगटाने साधावा लागतो, आणि दहा तासांच्या पाळीनंतर थकलेल्या हाताकडून तो दर वेळी अचूक साधेल, असे मानणे धोक्याचे आहे.

धोका खरा आहे तो गिअर उतरवताना. खालच्या गिअरला इंजिनाचे फेरे जास्त लागतात. ते जुळले नाहीत तर डॉग एकमेकांवर आदळतात आणि मागच्या चाकाला हिसका बसतो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर तेवढ्याने चाक घसरते. क्लच दाबलेला असेल तर फेऱ्यांतली तफावत प्लेटा घसरून सोसतात. त्या त्यासाठीच असतात. म्हणून गिअर उतरवताना, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तर नेहमीच, क्लच पूर्ण दाबावा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्यावरून पाचवा एखाद्या वेळी तसाच टाकला तर गाडीचे काही बिघडत नाही, इतकी मोकळीक देता येते.

हे कौशल्य खरे उपयोगी पडते ते क्लचची केबल वाटेत तुटल्यावर. तेव्हा न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करून, पायाने रेटत गाडीला थोडी गती द्यावी आणि मग पहिला गिअर टाकावा. पुढचे गिअर रेस सोडून चढवावेत. थांबायच्या आधीच न्यूट्रल शोधावा. पहिले गॅरेज दिसेपर्यंत एवढे पुरते.