खुराक डब्यातला की ताटातला?

घणसोली गावातून संध्याकाळी व्यायामशाळेकडे वळणारा तरुण भातशेतीत किंवा मिठागरावर राबणाऱ्याचा नातू असेल. परंतु त्याच्या स्वतःच्या कष्टाचे स्वरूप आमूलाग्र बदललेले आहे. दिवसभर तो ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एखाद्या कारखान्यात, गोदामात किंवा संगणकापुढे काम करतो आणि अंगमेहनतीसाठी संध्याकाळी पैसे मोजून व्यायामशाळेत जातो. यात वावगे काहीच नाही. मात्र व्यायामाच्या पाठोपाठ प्रथिनांच्या पावडरीचा डबाही घरात येऊ लागला आहे. महिन्याकाठी दोन-तीन हजार रुपये गिळणाऱ्या या डब्याचा हौशी व्यायामपटूला कितपत लाभ होतो, हा प्रश्न आता केवळ आरोग्याचा राहिलेला नाही. तो घरखर्चाचाही झाला आहे.

शास्त्राचा कौल प्रथम पाहिला पाहिजे. २०१८ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ४९ प्रयोगांतील १,८६३ व्यक्तींचे निष्कर्ष एकत्र तपासण्यात आले. सरासरी तेरा आठवड्यांच्या वजनी व्यायामाने, उचलता येणाऱ्या कमाल वजनात सुमारे २७ किलोंची वाढ झाली. पूरक प्रथिनांनी त्यात घातलेली भर अवघी अडीच किलोंची होती. चरबीविरहित शरीरभारातील भर तर सरासरी ३०० ग्रॅमची. शिवाय शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळाली, की त्यापुढील प्रथिनांनी स्नायूंत आणखी वाढ होत नाही, असेही दिसून आले. म्हणजे लाभ आहे; पण श्रेय बहुतांशी घामाचे आहे, डब्याचे नव्हे.

उलटपक्षी, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळावीत, असा स्पष्ट सल्ला दिला. वरवर पाहता हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी भासतात. वस्तुतः तसे नाही. आहारात प्रथिने कमी पडत असतील, तर ती कोठूनही आली तरी उपयोगी पडतात. पुरेशी असतील, तर वरची पावडर व्यर्थ जाते. म्हणूनच खरा प्रश्न पावडर चांगली की वाईट हा नसून, तूट किती आहे आणि ती कमीत कमी खर्चात कशी भरून काढता येईल, हा आहे.

साठ किलो वजनाच्या तरुणाचे उदाहरण घ्यावे. सामान्य माणसासाठी शिफारस केलेल्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम या प्रमाणाने त्याला दिवसाला ५० ग्रॅम प्रथिने लागतात. नियमित वजने उचलणाऱ्यासाठी वरची मर्यादा ९६ ग्रॅमांची धरता येईल. भात, भाकरी, डाळ आणि माशाची एखादी तुकडी असे जेवण असल्यास त्याला पन्नास-साठ ग्रॅम मिळतात. उरली सुमारे ४० ग्रॅमांची तूट. दोन अंड्यांतून १२, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२ आणि अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅम घेतले की ती भरून निघते. सध्याच्या किरकोळ भावांचा ढोबळ अंदाज धरला, तर यास पन्नास-पंचावन्न रुपये पडतात. तेवढीच प्रथिने पावडरीतून घ्यावयाची तर सव्वाशे रुपयांहून अधिक मोजावे लागतात. महिन्याचा फरक दोन हजारांच्या पुढे जातो. पावडरीचीही एक बाजू आहे: ती नेण्यास सोपी, आणि उष्मांक न वाढवता प्रथिने हवी असणाऱ्या, वजन उतरवू पाहणाऱ्या माणसाला सोयीची. परंतु सोयीची किंमत ही सोयीची म्हणून द्यावी, सामर्थ्याची म्हणून नव्हे.

इतर डब्यांबाबतही हाच विवेक हवा. क्रिएटिनचा अल्पकाळाच्या जोरकस व्यायामात उपयोग होतो, याला भक्कम पुरावा आहे. सुट्या अमिनो आम्लांची पावडर मात्र आहारात पुरेशी प्रथिने असणाऱ्याला फारसे काही देत नाही. आणि व्यायामापूर्वी घ्यावयाच्या ‘उत्तेजक’ मिश्रणांची करामत बहुधा त्यांतील कॅफिनची असते.

घणसोलीच्या संदर्भात या हिशेबाला आणखी एक पदर आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढे ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी संपादित झाली. त्यापूर्वी या गावांना भात शेतातून मिळे. कोळंबी, बोय, निवट्या, चिंबोऱ्या खाडीतून मिळत. प्रथिने होती, पण त्यांना बाजारभाव नव्हता. शेती गेली, औद्योगिक सांडपाण्याने खाडीची मासळी रोडावली, आणि जे निसर्गातून हाती येई ते विकत घेण्याची पाळी आली. विकत घेण्याची वेळ आली की निवड केवळ गरजेने होत नाही. जाहिरातही ती करू लागते. अंड्याची जाहिरात कोणी पिळदार दंडाच्या चित्राने करीत नाही.

आणि या बाजारात गिऱ्हाईक जवळजवळ आंधळे असते. विक्रेत्याला मालाची खरी प्रत ठाऊक आणि खरेदीदाराला नाही, अशा स्थितीत निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० सालीच जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले होते. निवट्या ताजी की शिळी हे घणसोलीच्या गृहिणीला हात लावताच कळते. पावडरीतील प्रथिने प्रयोगशाळेवाचून कोणालाच कळत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पूरकांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या वेष्टनावरील प्रथिनांची माहिती चुकीची ठरली. सुमारे १४ टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष, तर ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले.

तेव्हा उपाय दुहेरी हवा. अन्न व औषध प्रशासनाने या मालाचे नमुने नियमित तपासून निकाल उत्पादनाच्या नावानिशी मराठीत जाहीर केले पाहिजेत, आणि वेष्टनावर प्रथिनांचा दर ग्रॅममागचा भाव छापण्याची सक्ती झाली पाहिजे. दुसरा उपाय ताटाशी निगडित आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्याच म्हणण्यानुसार भारतीय आहारातील उष्मांकांत डाळी, मांस व मासळी यांचा वाटा १४ टक्के असावयास हवा. प्रत्यक्षात तो सहा ते नऊ टक्के भरतो. असे असताना शालेय पोषण आहारातील आठवड्याच्या एका अंड्यासाठीचा निधी महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२५ मध्ये बंद केला.

तूट खरी आहे. पण ती व्यायामशाळेत जाणाऱ्या कमावत्या मुलापुरती नाही. त्याच घरात मागाहून जेवणारी आई आणि शाळेत जाणारी धाकटी बहीण यांच्या ताटातली तूट बहुधा अधिक मोठी असते आणि तिच्यासाठी डबा कोणी आणत नाही. महिन्याचे ते दोन हजार रुपये अंडी, डाळ आणि मासळीवर खर्च झाले, तर मुलाच्या दंडांचे काहीच बिघडणार नाही, आणि घर मात्र सुधारेल.